ज्या खेळात 56 व्या वर्षी विश्वविजेता होता येतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी 22 वर्षांची, कॉलेजात अडथळ्यांच्या शर्यती पळायची, गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि पळणं सुटलं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या चौघींनी लॉन बोल्सचं सुवर्ण जिंकलं ते तिने पाहिलं होतं, आता तिला हा खेळ शिकायचाय. यात चॅम्पियनची कारकीर्द घडते कशी, किती वर्षं चालते, त्यावर घर चालतं का, आणि मुळात हा निवृत्त माणसांचा वेळ घालवायचा खेळ तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

मी मेलबर्नजवळच्या एका क्लबात 26 वर्षं खेळतोय, त्यातली शेवटची 12 शिकवतोही आहे. माझ्या हाताखाली 14 वर्षांची मुलंही शिकली आणि 70 ओलांडलेली माणसंही. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. म्हातारी माणसं हा खेळ खेळू शकतात हे खरं आहे. त्यावरून तो सोपा आहे असं मात्र समजू नका. इथे वयाने जे कमी होतं त्याची फारशी गरज लागत नाही, आणि वयाबरोबर जे साठत जातं त्याच्यावरच सामने जिंकले जातात. ते काय असतं हे कळायला आधी बोल कसा चालतो ते पाहावं लागेल.

खेळ वरून साधा दिसतो. सपाट हिरवळ, तिला ग्रीन म्हणतात. ती 31 ते 40 मीटर लांब असते आणि तिच्यावर शेजारी शेजारी पट्टे आखलेले असतात, त्यांना रिंक म्हणायचं. आधी एक छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू लांबवर सोडतात, तो जॅक. मग मॅटवर उभं राहून आपले बोल जॅकच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे. सगळे बोल टाकून झाले की एक एंड संपला. प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्यात जवळच्या बोलापेक्षा आपले जितके बोल जॅकजवळ, तितके गुण.

अडचण इथे आहे की बोल गोल नसतो. दीड किलोच्या आसपासचा हा जड गोळा एका बाजूला किंचित वेगळ्या आकाराचा घडवलेला असतो, त्याला बायस म्हणतात. पुष्कळांना वाटतं आत एका बाजूला शिसं भरलेलं असेल. पूर्वी वजन घालून बायस देण्याची पद्धत होती खरी, पण आजच्या बोलात सगळी करामत आकाराची असते. त्यामुळे बोल सरळ जातच नाही, कमान घेऊन जातो. आणि ही कमान सारखी नसते. सुरुवातीला वेग असताना बोल जवळजवळ सरळ पळतो. वेग उतरू लागला की आत वळतो, आणि अगदी शेवटच्या दोन-तीन मीटरांत तर भरभर वळत येऊन थांबतो. आपल्याकडची गोटी जिथे नेम धराल तिकडे जाते. बोल सोडताना मात्र नजर जॅकवर ठेवायचीच नसते, जॅकच्या बाजूला दीड-दोन मीटरवरच्या मोकळ्या जागेवर ठेवायची असते. नवीन माणसाला हे पचायला आठवडे लागतात. डोळा सारखा जॅककडे ओढला जातो आणि हात डोळ्यामागे जातो.

यातली एक गोष्ट मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितली होती, आणि मी ती आजही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. एका ग्रीनवर, एका जातीच्या बोलाला, बाहेर किती कोन द्यायचा हे ढोबळमानाने ठरलेलं असतं. जॅक जवळ असो की लांब, कोन तोच राहतो. बदलतो तो जोर, ज्याला आम्ही सगळे वेट म्हणतो. म्हणून बोल मधल्या रेषेवर येऊन थांबला पण आखूड पडला, तर लाईन बरोबर होती, वेट कमी पडलं. बोल रेषेच्या अलीकडे-पलीकडे थांबला, तर लाईन चुकली. प्रत्येक बोल थांबल्यावर तो काय सांगतोय हे असं वाचता येतं. चांगला खेळाडू आणि चॅम्पियन यांच्यात फरक पडतो तो इथे. चांगला खेळाडू पाचव्या बोलाला वाचतो, चॅम्पियन दुसऱ्याला.

आता ग्रीनचा वेग. कॅरम खेळलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पावसाळ्यात दमट झालेल्या बोर्डावर सोंगटी दोन बोटं सरकून थांबते, आणि पावडर मारलेल्या कोरड्या बोर्डावर तीच सोंगटी चारही कडा फिरून येते. ग्रीनचंही तसंच असतं. वेग मोजायची रीत अशी की बोल सुटल्यापासून 27 मीटरवर जाऊन थांबेपर्यंत किती सेकंद लागले ते पाहायचं. ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, पण जितके सेकंद जास्त तितकं ग्रीन वेगवान. कारण वेगवान ग्रीनवर बोल हळू सोडला तरी तो रांगत रांगत पोचतो. जड ग्रीनवर जोरात सोडावा लागतो, आणि तो लवकर दमून थांबतो. इंग्लंडमधल्या दाट, ओल्या गवतावर साधारण 10 ते 12 सेकंद मिळतात. इथे ऑस्ट्रेलियात 14-15 सहज. न्यूझीलंडमध्ये त्याहूनही जास्त, कारण तिथल्या बऱ्याच ग्रीनवर गवतच नसतं. कोट्युला नावाची जमिनीला चिकटून वाढणारी बारीक वनस्पती असते, तिचा पृष्ठभाग गालिच्यासारखा होतो. आणि वेग वाढला की कमानही रुंदावते, कारण बोल हळू चालत असल्याने बायसला ओढायला वेळ मिळतो. म्हणजे इंग्लंडमध्ये वाढलेला हात न्यूझीलंडमध्ये गेला की त्याचं वेट चुकतं, लाईनही चुकते, दोन्ही एकदम.

हे सगळं आधी सांगितलं, कारण आता ज्या माणसाबद्दल सांगायचंय त्याची कारकीर्द त्याशिवाय कळणार नाही. डेव्हिड ब्रायंट. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या क्लीव्हडन या समुद्रकाठच्या गावचा. 1931 चा जन्म, 2020 मध्ये वयाच्या 88 व्या वर्षी गेला. पेशाने शाळामास्तर, पुढे बोल बनवणाऱ्या कंपनीशी जोडला गेला. तोंडात कायम पाईप. इंग्लंडमधल्या ज्या लोकांनी आयुष्यात बोल हातात धरला नाही, तेही त्या पाईपवरून त्याला ओळखायचे.

त्याच्या विजेतेपदांची वर्षं मी मुद्दाम वेगवेगळी सांगतो, कारण यादीत ती भराभर वाचली जातात आणि त्यांच्यामधलं अंतर निसटतं. 1962 मध्ये पर्थला राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण, त्याच स्पर्धेत फोर्सचंही, म्हणजे चौघांच्या संघाचं. तेव्हा तो 31 वर्षांचा. 1966 च्या किंग्स्टनच्या स्पर्धेत बोल्स नव्हतंच, पण त्याच वर्षी सिडनीजवळ कायीमा इथे पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि एकेरीचा पहिला विश्वविजेता ब्रायंट झाला. मग 1970 ला एडिंबरा, 1974 ला क्राइस्टचर्च, 1978 ला एडमंटन. तिन्ही ठिकाणी राष्ट्रकुल एकेरीचं सुवर्ण. म्हणजे बोल्स असलेल्या सलग चार राष्ट्रकुल स्पर्धा एकाच माणसाने एकेरीत जिंकल्या, सोळा वर्षांच्या अंतरात. 1979 मध्ये इनडोअरची जागतिक स्पर्धा सुरू झाली. पहिली त्याने जिंकली, दुसरी जिंकली, तिसरीही जिंकली. 1980 च्या जानेवारीत फ्रँक्स्टनला, म्हणजे मी आज जिथे खेळतो तिथून गाडीने अर्ध्या तासावर, तो दुसऱ्यांदा मैदानी विश्वविजेता झाला. आमच्या क्लबातल्या दोन आजोबांनी ते सामने प्रत्यक्ष पाहिलेत. त्यांच्या बोलण्यात पाईप येतो, पण त्याहून जास्त येतं ते त्याचं मॅटवर बसणं.

आणि 1988 मध्ये ऑकलंडला तिसऱ्यांदा विश्वविजेता, वयाच्या 56 व्या वर्षी. पहिल्या आणि तिसऱ्या विश्वविजेतेपदात 22 वर्षांचं अंतर. त्यानंतरही तो थांबला नाही. टोनी ऑलकॉक हा त्याच्याहून 24 वर्षांनी लहान. या दोघांनी इनडोअर जागतिक स्पर्धेची दुहेरी 1986 ते 1992 या काळात सहा वेळा जिंकली. शेवटच्या वेळी ब्रायंट साठीचा होता.

आता ठिकाणं पुन्हा पाहा. पर्थ, सिडनी, एडिंबरा, क्राइस्टचर्च, एडमंटन, फ्रँक्स्टन, ऑकलंड, आणि शिवाय स्कॉटलंडमधल्या कोटब्रिजचा इनडोअर गालिचा. ज्या माणसाचा हात इंग्लंडच्या जड गवतावर घडला, तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दुप्पट नाही तरी जवळजवळ दीडपट सेकंद मोजणाऱ्या ग्रीनवर, तिथे जन्मलेल्या खेळाडूंना हरवत होता. माझ्या मते त्याच्या थोरवीचा गाभा हा आहे. पदकांची संख्या हा त्याचा परिणाम.

त्याने ते कसं साधलं हे त्याच्या डिलिव्हरीत दिसतं. बहुतेक खेळाडू मॅटवर उभे राहतात, जरा वाकतात आणि पाऊल टाकत बोल सोडतात. ब्रायंट आधी जवळजवळ उकिडवा बसायचा. नजर जमिनीलगत आणून लाईन पाहायचा. मग अर्धवट उठायचा, आणि त्या उठण्याच्याच ओघात पाऊल टाकून बोल सोडायचा. माझ्या वाचनाप्रमाणे या पद्धतीत दोन गोष्टी साधतात. एक तर नजर आणि हात एकाच पातळीवर येतात, त्यामुळे लाईन पक्की होते. दुसरं असं की अंग खालून वर आणि पुढे जातं, तेव्हा जड ग्रीनवर लागणारा जोर खांद्यातून काढावा लागत नाही, तो अंगाच्या हालचालीतून मिळतो. वेगवान ग्रीनवर तीच हालचाल आटोपशीर करायची, हात मागे कमी न्यायचा, पाऊल लहान टाकायचं. हालचालीचा क्रम बदलत नाही, माप बदलतं. म्हणून नव्या देशात उतरल्यावर त्याला नवी डिलिव्हरी शिकावी लागत नसे.

तुमच्या मुलीने ही बसण्याची पद्धत उचलू नये, हे इथेच सांगतो. लिगामेंट तुटलेल्या गुडघ्याने दिवसाला साठ-सत्तर वेळा उकिडवं बसून उठणं नकोच. आज बहुतेक प्रशिक्षक ती शिकवतही नाहीत. उचलायची आहे ती त्यातली सवय: प्रत्येक बोल, मग तो सरावातला पहिला असो की अंतिम सामन्यातला शेवटचा, त्याच क्रमाने सोडायचा.

याच्या उलट वागल्यावर काय होतं ते मी स्वतः भोगलंय. माझ्या आठव्या हंगामात आम्ही बाहेरच्या एका क्लबात उपांत्य सामना खेळायला गेलो. आमचं ग्रीन गवताचं, सावकाश. त्यांचं सिंथेटिक गालिच्याचं, उन्हात तापलेलं, फार वेगवान. पहिल्या चार एंडला माझे बोल जॅकच्या दोन-दोन मीटर पुढे गेले. मी घाबरलो आणि वेट कमी केलं, त्याच वेळी लाईनही आत घेतली. बोल आखूड पडले आणि रेषा ओलांडून पलीकडे गेले. मग मी दोन्ही पुन्हा वाढवलं. अकराव्या एंडपर्यंत मला कळेनासं झालं होतं की नक्की काय चुकतंय, कारण मी दर वेळी दोन गोष्टी बदलत होतो. सामना गेला. गाडीत बसल्यावर माझ्या स्किपने, म्हणजे संघनायकाने, एकच सांगितलं, एका वेळी एकच बदल कर, आणि तो केल्यावर दोन बोल तरी थांब. सामन्याआधी जे सरावाचे एंड मिळतात, ट्रायल एंड, त्यांचा उपयोग तेव्हापासून मी फक्त मोजण्यासाठी करतो. तिथे बोल जॅकजवळ नेण्याची धडपड करायची नाही. ठरलेल्या जोराने, ठरलेल्या कोनाने सोडायचा, आणि ग्रीन त्याचं काय करतं ते बघायचं.

वयाचा मुद्दा इथे सुटतो. ही ग्रीन वाचायची नजर वर्षांनीच येते आणि लवकर जात नाही. स्कॉटलंडचा विली वुड 2002 मध्ये मँचेस्टरला आपल्या सातव्या राष्ट्रकुल स्पर्धेत खेळला, तेव्हा 64 वर्षांचा होता. सात राष्ट्रकुल स्पर्धा खेळणारा तो पहिला खेळाडू. त्याच्याच देशाचा अ‍ॅलेक्स मार्शल 2002 पासून 2018 पर्यंत पाच राष्ट्रकुल सुवर्णं जिंकला, शेवटचं 51 व्या वर्षी. आणि बर्मिंगहॅमलाच अंध खेळाडूंच्या मिश्र दुहेरीत स्कॉटलंडच्या जॉर्ज मिलर यांना 75 व्या वर्षी सुवर्ण मिळालं. त्या प्रकारात दृष्टिहीन खेळाडूला जॅक कुठे आहे, बोल कुठे थांबला हे सांगणारा दिग्दर्शक असतो, आणि त्यालाही पदक मिळतं. मिलर त्या जागी होते. पण तरुणांना जागा नाही असं समजू नका. ऑस्ट्रेलियाच्या सध्याच्या संघांत विशी-तिशीतली मुलं-मुली आहेत, आणि ती रोज जिममध्येही जातात. तीन-चार तास उन्हात उभं राहून शंभरेक वेळा वाकायचं, आणि शेवटच्या एंडला हात पहिल्या एंडसारखाच चालला पाहिजे. त्याला पाय आणि कंबर मजबूत लागते.

आता आपल्या चौघी. तुमच्या मुलीसाठी ब्रायंटपेक्षा त्यांची गोष्ट जास्त जवळची आहे. ब्रायंट बोल्स खेळणाऱ्या घरात जन्मला. या चौघींपैकी कुणीच लहानपणी बोल पाहिलेला नव्हता. लव्हली चौबे झारखंडच्या, पोलिसात, आधी धावपटू आणि लांब उडी मारणाऱ्या. दुखापतीने अ‍ॅथलेटिक्स सुटलं. नयनमोनी सैकिया आसामच्या गोलाघाटच्या, आधी वेटलिफ्टर, त्यांचंही दुखापतीने सुटलं. रूपाराणी तिर्की रांचीच्या, आधी कबड्डी. पिंकी दिल्लीतल्या शाळेत क्रीडाशिक्षिका, आधी क्रिकेट. म्हणजे तुमची मुलगी ज्या वळणावर उभी आहे, त्याच वळणावरून यातल्या दोघी गेल्यात.

आणि त्यांना किती वेळ लागला तेही पाहा. रूपाराणी आणि पिंकी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतही होत्या. तेव्हा ट्रिपल्समध्ये भारत चौथा आला, पदक थोडक्यात गेलं. सुवर्ण मिळालं 2 ऑगस्ट 2022 ला, इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पाच्या व्हिक्टोरिया पार्कवर. मध्ये 12 वर्षं. या बारा वर्षांत त्यांचं नाव आपल्या वर्तमानपत्रांत किती वेळा आलं असेल? उपांत्य सामन्यात त्यांनी न्यूझीलंडला 16-13 असं हरवलं, जिथे गावोगावी बोल्सचे क्लब आहेत त्या देशाला. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्या आधी पुढे होत्या, मग आघाडी गेली, 10-10 अशी बरोबरी झाली. शेवटचे एंड त्यांनी सलग घेतले आणि 17-10 ने जिंकल्या. चारच दिवसांनी पुरुषांच्या फोर्स संघाने रौप्य मिळवलं: सुनील बहादूर, नवनीत सिंग, चंदनकुमार सिंग आणि दिनेश कुमार. नयनमोनी आणि पिंकी यांना नंतर अर्जुन पुरस्कारही मिळाले.

तो अंतिम सामना मी इथे रात्री जागून पाहिला. शेवटच्या तीन एंडला मला सगळ्यात जास्त भावलं ते चौबेबाईंचं खेळणं. फोर्समध्ये चौघींच्या जागा ठरलेल्या असतात. लीड पहिल्यांदा खेळते: मॅट मांडते, जॅक सोडते आणि आपले दोन बोल जॅकजवळ नेऊन ठेवते. सेकंड तिच्या कामात भर घालते किंवा बिघडलेलं सावरते. थर्ड स्किपचा उजवा हात असते, मोजमाप तिच्याकडे असतं. आणि स्किप समोरच्या टोकाला उभी राहून सगळ्यांना कुठे टाकायचं ते सांगते, मग शेवटी स्वतः येऊन दोन बोल टाकते. त्या संघात चौबे लीड, पिंकी सेकंड, नयनमोनी थर्ड, रूपाराणी स्किप. टाळ्या स्किपला मिळतात, कारण शेवटचा बोल तिचा. पण लीडने आपला बोल जॅकला टेकवून ठेवला की समोरच्या सगळ्या संघाला आठही बोल तो उठवण्यात घालवावे लागतात. स्पर्धा पाहणारा नवखा माणूस लीडकडे बघतच नाही. तुमची मुलगी सामने पाहील तेव्हा तिला सांगा, प्रत्येक एंडचे पहिले चार बोल डोळे लावून बघ.

कारकीर्दही बहुधा याच क्रमाने चढते. पहिली दोन-तीन वर्षं लीड म्हणून ड्रॉ शिकण्यात जातात, म्हणजे बोल शांतपणे जॅकजवळ नेऊन थांबवणं. तरुण मुलांना ड्राइव्ह आवडतो, पूर्ण ताकदीने बोल फेकून समोरचं हेड, म्हणजे जॅकभोवती जमलेले बोल, उधळून लावायचं. तो कधीतरी लागतो, आणि यायला हवा. पण ज्याचा ड्रॉ कच्चा आहे तो ड्राइव्हवर जगू पाहतो, आणि मोठ्या स्पर्धेत उघडा पडतो. पहिलं वर्षभर मी माझ्या विद्यार्थ्यांना ड्राइव्ह मारू देत नाही. काहीजण त्यामुळे दुसऱ्या क्लबात गेले, मला ते चालतं. यानंतर क्लबच्या पहिल्या संघात सेकंड किंवा थर्ड, मग राज्य, मग देश. काही खेळाडू आयुष्यभर लीडच राहतात, कारण ते जगातले उत्तम लीड असतात. तीही पूर्ण कारकीर्द आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण इथे सांगण्यासारखं फार नाही. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. त्यावर पोट भरणारे खेळाडू जगभर मोजके, बहुतेक ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात, आणि त्यांचंही बरंचसं उत्पन्न शिकवण्यातून किंवा बोल बनवणाऱ्या कंपन्यांकडून येतं. ब्रायंट मास्तरकी करत जगज्जेता झाला. आपल्या चौघींनाही नोकऱ्या होत्या, पोलीस, शाळा, सरकारी क्रीडा खातं. भारतात खेळाडूंसाठी राखीव सरकारी नोकरी हाच खरा आधार आहे, आणि ती राष्ट्रीय पातळीवरच्या पदकांवर मिळते. तिने शिक्षण अजिबात सोडू नये, हे मी वडीलकीच्या नात्याने सांगतो. राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र बोल्स 1930 च्या पहिल्या स्पर्धेपासून आहे, 1966 चा एक अपवाद सोडला तर. ग्लासगोच्या 2026 च्या स्पर्धेची यादी 10 खेळांवर आणली गेली तेव्हा भलेभले खेळ गळले, बोल्स राहिलं.

शिकायचं कुठे, हा तुमच्यासाठी सगळ्यात अवघड भाग आहे, हे मला माहीत आहे. ग्रीन राखणं महाग असतं. गवत काही मिलिमीटरवर कापावं लागतं, रोज रोलर, पाणी, सपाटी. म्हणून भारतात हा खेळ काही ठिकाणीच रुजला. दिल्लीत 2010 च्या स्पर्धेसाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या आवारात ग्रीन केलं गेलं. रांचीजवळ नामकुमला ग्रीन आहे, झारखंडचे इतके खेळाडू देशाच्या संघात का दिसतात त्याचं उत्तर तिथे आहे. माझा सल्ला असा की पैसे आधी साहित्यावर घालू नका, प्रवासावर घाला. बोलिंग फेडरेशन ऑफ इंडियाशी संपर्क करून जवळचा राज्य संघ कुठला ते विचारा, आणि तिला दोन आठवडे खऱ्या ग्रीनवर पाठवा. तेवढ्या दिवसांत तिला चॅम्पियन होता येईल का हे कळणार नाही. बोल थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहणं तिला आवडतं का, एवढं कळेल. ज्यांना ते आवडतं ते टिकतात.

तिथून परत आल्यावर घरी करण्यासारखं बरंच आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून एक पाऊल पुढे टाकून खाली वाकण्याचा व्यायाम सुरू करायचा, आधी भिंतीला हात लावून, मग मोकळा. वाकणं अजिबात जमत नसेल तरी वाट बंद होत नाही. बोलर्स आर्म नावाची लांब दांडी मिळते, तिच्या टोकाच्या पकडीत बोल धरून उभ्यानेच सोडता येतो. आमच्या क्लबात ती वापरणारे अनेकजण पहिल्या संघात आहेत. बावीसाव्या वर्षी मात्र मी तिला आधी पाय घडवायला सांगेन.

शाळेच्या लांब व्हरांड्यात किंवा बॅडमिंटनच्या हॉलमध्ये साधा जड चेंडू घेऊन सरावही होतो. बायस मिळणार नाही, पण वेट मिळेल. जमिनीवर 20, 23 आणि 26 मीटरवर खडूने रेघा मारायच्या. चेंडू एकदा पहिल्या रेघेवर थांबवायचा, मग तिसऱ्या, मग दुसऱ्या, कधीच सलग दोनदा एका रेघेवर नाही. मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिले तीन आठवडे माझ्यासमोर जॅक ठेवलाच नव्हता. नुसता रुमाल टाकायच्या, दर वेळी दुसरीकडे, आणि मी सोडल्याबरोबर विचारायच्या, "आखूड की लांब?" बोल अजून निम्म्या वाटेवर असायचा. मला त्याआधी उत्तर द्यावं लागे. पहिल्या आठवड्यात माझी दहापैकी चार उत्तरं बरोबर यायची, तिसऱ्या आठवड्यात आठ. हाच सराव तिच्याकडून करून घ्या, चेंडू हातातून सुटल्याबरोबर तिने उत्तर द्यायचं, आणि वहीत लिहून ठेवायचं.

बोल विकत घ्यायची वेळ येईल तेव्हा आकार निवडताना दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांना आणि मधली बोटं एकमेकांना टेकवून बोलाला कडं घालायचं, ज्या पट्ट्यावर तो लोळतो त्याच्यावरून. बोटं आरामात टेकली तर तो आकार चालेल, ओढून टेकवावी लागली तर एक नंबर लहान घ्या. चार बोलांचा जुळलेला संच लागतो, सुटे घेऊ नका. जुना वापरलेला संच सुरुवातीला उत्तम. आणि बूट सपाट तळव्याचे, टाच नसलेले. टाचेने ग्रीनला खड्डा पडतो, आणि त्या एका कारणाने तिला पहिल्याच दिवशी ग्रीनवरून उतरवतील.